बोरदऱ्याची मास्तरीण

बोरदरा, ता. जामखेड
रविवार, २६ मार्च १९४४

ती. रेबेकाआत्याबाईंस मार्थाचा प्रेमाचा सलाम.

मी धडधाकट आहे, दोन्ही वेळा नीट जेवते आणि उन्हात डोक्यावरून पदर घेते. हे तिन्ही प्रश्न तुम्ही दर पत्रात विचारता, म्हणून आधीच उरकून टाकले.

तुमचं पत्र कोळशावरच्या मोटारीनं जामखेडला आलं आणि तिथून गहिनीनाथ पाटलांच्या बाजाराच्या पिशवीतून माझ्याकडे. त्याला हळदीचा वास लागला होता. डोळ्यांचं ऐकून जीव खालीवर झाला. मोतीबिंदू पिकल्याखेरीज काढता येत नाही असं डॉक्टरबाई म्हणतात, तर वाट पाहायला हवी. तोवर चुलीपाशी अजिबात जायचं नाही. अक्षर कृपाचं होतं, पण 'मार्थाने उत्तर देताना फाटे फोडू नयेत' हे वाक्य मी कुणाच्याही अक्षरात ओळखलं असतं.

कृपा, तुलाही सलाम. हे तू मोठ्यानं वाचून दाखवत असशील. सावकाश वाच. शब्द गिळलेले आत्याबाईंना खपत नाहीत हे तुला सांगायला नको, तूही त्यांच्याच हाताखाली शिकलीस. आणि मधेच काही वेगळं आलं तरी तोंड न फिरवता पुढे वाचायचं.

तर तुम्ही विचारलंत, जूनमध्ये नगरला येतेस ना? मुलींच्या शाळेतली जागा, मोठ्या मडमसाहेबांकडे तुम्ही जाऊन टाकलेला शब्द, माझ्यासाठी चुना दिलेली मागची खोली, सगळं ध्यानात आहे. उत्तर देणार आहे. पण त्याआधी बनुबाईंची हकिकत ऐका, कारण ती ऐकल्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला कळायचं नाही. फाटे फोडते आहे म्हणाल, तर म्हणा.

बनुबाई म्हणजे इथल्या एका कुणबी घरातली साठीची विधवा. तोंडात सदा मिश्री, आवाज वेशीपासून ओढ्यापर्यंत. मी आले तेव्हा शाळेच्या पटावर नावं पुष्कळ होती आणि गोणपाटावर पोरं चारच. तुमच्या शिस्तीप्रमाणे मी बरोबर अकराला घंटा वाजवायची, आणि त्याच वेळी सगळी पोरं गुरं घेऊन माळावर पोचलेली असायची. आत्याबाई, खात्याच्या नियमांचं पुस्तक तुम्ही बायबलच्या खालोखाल मानता, म्हणून भीत भीतच लिहिते. अकरा ते पाच ही साहेबाच्या कचेरीची वेळ. तीच त्यांनी शाळेला लावून दिली. गुरं कधी सुटतात आणि कधी परततात हे कुणी कुणाला विचारलं नाही. ज्याच्या घरी गुरं राखायला गडी आहे त्याचंच पोर शिकायचं, असा तो नियम झाला. तसं कुणाच्या मनातही नसेल, पण झालं खरं.

कडू ही बनुबाईंची नात. सतत गैरहजर म्हणून नाव कमी होईल असा निरोप मी घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी बनुबाई शाळेच्या दाराबाहेर येऊन उभ्या. उंबरा ओलांडला नाही. मी कुठल्या घरची हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा मीही आत बोलावलं नाही.

"नाव काडनार म्हंजे? पोरगी मेली का माजी?"

मी म्हटलं, "मरेल कशाला? पण ती येतच नाही."

"कशी यील? गाय काय तुमच्या मडमीनं राखायची?"

मी म्हटलं, गायच आड येत असेल तर गाईचं काय ते तुम्ही बघा, शाळेचं मी बघते. बाई फणकाऱ्यानं निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या थेट चावडीवर गेल्या आणि सांगून आल्या की उद्यापासून गावातली सगळी गुरं एका कळपात. त्या स्वतः राखणार आणि दर घरानं पाळीनं एक मोठं माणूस सोबतीला द्यायचं. पोरं शाळेत.

मग कुरकुर सुरू झाली. आपल्या तीन ख्रिस्ती घरांची आणि महारवाड्यातली शेरडं त्याच कळपात कशी चालतील, असं दोघातिघांनी विचारलं. बनुबाई म्हणाल्या, "शेरडं हायती ती, पंगतीला बसवायची न्हाईत." शेरडं कळपात गेली. पुढच्या आठवड्यापासून माझ्या शाळेत बसायला जागा पुरेना. मी तर ट्रेनिंग कॉलेजात शाळा-व्यवस्थेवर पानंच्या पानं पाठ केली होती, पण गावाची गुरं एकत्र करावीत हे मला काही सुचलं नसतं. आणि सुचलं असतं तरी माझं कुणी ऐकलं नसतं. अशा बाईचं कौतुक करायला मला पत्रातली जागा पुरत नाही, तेव्हा कंटाळू नका.

कडू आता चौथीत आहे. आगगाडीचा धडा ती असा वाचते की जणू रोज गाडीनंच शाळेत येते. तिनं आगगाडी पाहिलेली नाही. पोरांनी मला विचारलं, "बाई, गाडी नदीला पानी प्यायला थांबती का?" मी म्हटलं, हो, इंजिन पाणी पितं. तेवढ्यावर गाडी त्यांना आपल्यातली वाटायला लागली.

आता जानेवारीतली गोष्ट. तपासणीला डेप्युटीसाहेब यायचे होते. युद्धाच्या खर्चामुळे काटकसरीचा हुकूम वरून आला होता आणि एका शिक्षकाच्या लहान शाळांवर सगळ्यात आधी डोळा होता. हजेरी चांगली दिसली तर शाळा राहणार, नाही तर मोठ्या गावच्या शाळेत मिसळणार. हे मी चावडीवर नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बनुबाई म्हणाल्या, "तू घोर करू नगं, सायबाला बघून घेऊ." तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

रिवाजाप्रमाणे मी सकाळीच शिवेवर जाऊन साहेबांना सामोरी गेले. पुण्याकडचे गृहस्थ, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं मोजकं पण अदबीचं. त्यांच्याबरोबर गावात शिरले तर हलगी वाजत होती. शाळा सारवलेली, दाराला आंब्याचे डहाळे. आत पाऊल टाकलं, तर काय! गोणपाटावर ओळीनं सगळी म्हातारी मंडळी बसलेली! धुतलेली पागोटी, नवी धोतरं. चौथीच्या जागेवर गहिनीनाथ पाटील मिशांना पीळ देत मांडी घालून. दाराबाहेर बायका, त्यांच्या पुढे इरकली लुगडं नेसलेल्या बनुबाई, हातात पानसुपारीचं तबक. पोरं मोजून तीन, तीही कोपऱ्यात.

साहेबांनी एकवार सगळीकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "बाई, हे विद्यार्थी काय?"

मी बनुबाईंकडे धावले. "पोरं कुठं आहेत?"

"माळाला धाडली गुरांमागं. साहेब येनार म्हनल्यावर मानसांनी हुबं ऱ्हायाला नगं? पोरंसोरं पुढं करती व्हय कुनी?"

आत्याबाई, हजेरी म्हणजे पोरांची, असं मी चावडीवर बोललेच नव्हते, तर त्यांची समजूत चुकीची कशी म्हणू? कलेक्टर आला, मामलेदार आला, तर गाव असंच उभं राहतं. मोठी माणसं पुढे आणि पोरं नजरेआड. आजवर एकही साहेब या गावात पोरांना भेटायला आलेला नव्हता. माझ्या शाळेचा मान राखण्यासाठी सगळ्या गावानं कामं बुडवली होती आणि त्या मानानंच शाळा बुडत होती. मला हसू येत होतं आणि रडूही.

तीन पोरांची हजेरी लिहायला साहेबांनी टाक उचलला. काय घोटाळा झाला ते कळायला बनुबाईंना वेळ लागला नाही. त्यांनी तबक पाटलांच्या हातात दिलं आणि साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी उंबरा ओलांडून.

"साहेब, चूक माजी हाय. शाळा माळावर हाय. चला, दावती."

मी डोळे मिटले. पण साहेब उठले! वाटेत ओढ्याचं पाणी लागलं तेव्हा पंपशू काढून त्यांनी हातात घेतले आणि त्या म्हातारीच्या मागे चालत राहिले. अख्खं गाव त्यांच्या मागे, आणि हलगीवालाही. त्याला थांब म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

माळावर गेलो तर निम्मी पोरं गुरांमागे आणि निम्मी खडकावर पाट्या घेऊन बसलेली. कडू त्यांना पाढे सांगत होती. थोड्या वेळानं कडूनं हाळी दिली की पहिली पोरं गुरांकडे जायची आणि दुसरी अभ्यासाला यायची. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, मी तर नाहीच. साहेबांनी खडकावर रुमाल टाकला, बसले आणि परीक्षा सुरू केली. बन्सी नावाचा तिसरीतला मुलगा धडा वाचत होता. मधेच त्याचं लक्ष एका गाईकडे गेलं, ती ज्वारीच्या रानाकडे निघाली होती. पठ्ठ्यानं पुस्तक खाली ठेवलं, धावत जाऊन गाय वळवली, परत आला आणि ज्या शब्दावर सोडलं होतं तिथूनच धापा टाकत पुढे वाचायला लागला. साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जाताना त्यांनी कडूच्या डोक्यावर हात ठेवला.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, इतकी तयार मुलं मी या तालुक्यात पाहिली नाहीत. पण तपासणी शाळेच्या जागेत, हजेरी घेऊन व्हावी लागते. छापील रकान्यात माळ कुठे लिहू? मी वरती सांगून पाहीन. भरवसा देत नाही."

त्यांनी सांगून पाहिलं असणार, माणूस सरळ होता. पण या महिन्याच्या सुरुवातीला हुकूम आला. मार्चअखेर बोरदऱ्याची शाळा बंद, मुलांनी नदीपलीकडच्या गावी जावं. पावसाळ्यात ती नदी मोठ्या माणसांनाही उतरू देत नाही. म्हणजे कडूची चौथी झाली की तिचं शिक्षण झालं, आणि बन्सीचं तेवढंही नाही.

म्हणजे मी मोकळी झाले, नाही का? तुमचं पत्र आलं तेव्हा हा हुकूम माझ्या पेटीत होता. नगरला यायला आता काहीच आडकाठी नव्हती. खरं सांगते, पत्र वाचून मी ट्रंक काढली आणि लुगडी भरायला घेतली. तुमच्या हातची चिंचेची आमटी आठवली, देवळाची घंटा आठवली, आणि तुमच्या शेजारी बाकावर बसून गीत म्हणावं असं फार फार वाटलं.

त्याच संध्याकाळी चावडीवर गाव बसलं. मलाही बोलावलं होतं. पाटील म्हणाले, "सरकारचा हुकूम हाय, आपलं काय चालतंय?"

बनुबाई कडाडल्या, "सरकारनं शाळा न्हेली. पोरं न्हेली का? मास्तरीन न्हेली का?"

"पगार कुठनं देनार, बनुकाकी?"

"सुताराला पगार देतो का आपन? न्हाव्याला देतो का? तरी ऱ्हात्यातच की गावात."

मी तिथून उठले आणि घरी आले. का उठले ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल. कृपाला कळलं नसेल, तिच्या घरी या गोष्टी बोलत नाहीत.

आधी कृपाचं लिहिते. कृपा, थांबू नकोस, वाच. आत्याबाई, मुलींच्या शाळेतली ती जागा कृपाला मिळावी. तिची सातवीची फायनल झाली आहे, ट्रेनिंगचं एक वर्ष झालं आहे, माझ्याहून तिचा गळा गोड आहे आणि माझ्याहून तिला राग कमी येतो. तुमच्याजवळ ती आजही आहे. तुमच्या पायाला तेल कोण लावतं आणि औषध वेळेवर कोण देतं ते मला माहीत आहे, पत्रात तुम्ही सगळं माझ्यासाठी राखून ठेवता आणि तिचं नाव एकदाही काढत नाही. माझ्यासाठी टाकलात तसा तिच्यासाठी मडमसाहेबांकडे शब्द टाका. मी वेगळं पत्र त्यांना लिहिलं आहेच, पण तिथे मान तुमच्या शब्दाला आहे. हा परिच्छेद तिनं गाळला तर तिला लाज वाटली असं समजून पुन्हा वाचायला लावा.

आता ते लिहिते, जे लिहायला सकाळच्या प्रार्थनेपासून टाळाटाळ करते आहे.

दुसऱ्या दिवशी बनुबाई माझ्याकडे आल्या. मी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली. गावातली सगळी कामं करून सुगीला खळ्याच्या कडेला घोंगडी पसरून उभं राहायचं, सगळ्यांचं वाटून झालं की मागून मिळेल ते घ्यायचं आणि वर जोहार घालायचा. प्रभूच्या मागे गेले त्या वर्षी आजोबांनी पहिली गोष्ट केली ती बलुतं सोडण्याची. उपास काढले, पण परत खळ्यावर गेले नाहीत. मग तुम्ही शिकलात, पगारावर लागलात, आणि पहिला पगार त्यांच्या हातावर ठेवलात. तुम्हीच हे आम्हाला सांगत आलात. पगार म्हणजे मान, हे तुमचं वाक्य ऐकत मी वाढले. सरकारी नियमाचा कागद हातात धरून तुम्ही एका हेडमास्तरांशी भांडलात आणि आपली मुलं ओट्यावरून आत नेऊन बसवलीत, हेही मी विसरले नाही. जुन्या काळी गावोगाव पंतोजी होते, त्यांना धान्य मिळायचं, असं म्हातारे इथं कौतुकानं सांगतात. त्या पंतोज्यांच्या शाळेत आपल्या पोराला पाय ठेवता आला नसता. ते दार या सरकारनंच उघडलं आणि तुमच्यासारख्यांनी ते धरून ठेवलं. म्हणून तर मी इथे बाई म्हणून उभी आहे.

हे सगळं मी बनुबाईंना सांगितलं आणि म्हटलं, "मी खळ्यावर येणार नाही. उपाशी मरेन, पण नाही."

त्या दाराबाहेरच मिश्री लावत बसल्या. मग उठून गेल्या.

परवा दुपारी दारात गलका ऐकू आला. बाहेर पाहते तर बनुबाई पुढे, डोक्यावर ज्वारीची पाटी. त्यांच्या मागे पाटलांची सून, मागे बन्सीची आई, त्यामागे महारवाड्यातल्या बाया. खळी मोडायच्या आधीच, घरात एक दाणाही न नेता, प्रत्येकीनं पहिलं माप माझं काढलं होतं.

"तू खळ्यावर यायाची न्हाईस," बनुबाई म्हणाल्या. "आमी आनून घालनार. दर सालाला. कनगी कुठंशी हाय?"

मी कणगी दाखवली. त्या वाकून माझ्या घरात शिरल्या, पाटी ओतली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "वाईच पानी दे गं." मी तांब्या दिला. दारात सगळा गाव बघत होता आणि त्या उभ्यानं घटाघट प्याल्या. रिकामा तांब्या माझ्या हातात देताना म्हणाल्या, "लई गार हाय तुजं पानी."

आत्याबाई, त्या ज्वारीची भाकरी मी काल केली. पहिला घास मोडला. आजोबा समोर बसलेत असं वाटलं. मग मी त्यांनाच विचारलं, की तुम्ही जे सोडलंत ते हेच होतं का? आणि मी जेवले.

ट्रंक रिकामी केली आहे. एक तारखेपासून शाळा भरेल. तिला पट नसेल, तपासणी नसेल आणि घंटा अकराची नसेल. मी येत नाही, आत्याबाई. तुमच्या म्हातारपणी, तुम्हाला नीट दिसत नसताना, मी तुम्हाला नाही म्हणते आहे, आणि आपल्या घरानं जे थुंकून टाकलं ते नाव माझ्या जेवणाला चिकटणार आहे. तुम्ही याला बलुतं म्हणाल. मी काय म्हणावं ते मला अजून ठरवता येत नाही.

मोतीबिंदू काढायचा दिवस ठरला की मी येऊन तुमच्याजवळ राहीन, आणि डोळे उघडले की परत येईन. तोवर माझ्यावर रागवायचं तर पोटभर रागवा. आशीर्वाद देववत असेल तर द्या. नसेल देववत, तर तसं कृपाकडून लिहवून कळवा, पण कळवा.

तुमच्याच हातची,
मार्था